चार फुटांच्या टाकीतल्या दोघी

आमचे हे लोकांच्या घरचे मासे सांभाळायचे. हसू नका, धंदाच होता तो. दवाखाने, हॉटेलं, वकिलांची ऑफिसं, बड्यांचे दिवाणखाने. जिथे फिशटँक, तिथे हे दोन बादल्या, एक रबरी नळी आणि खांद्यावर टॉवेल घेऊन हजर. लोक मासेकाका म्हणायचे. नवखा माणूस हमखास भाव विचारायचा. मग हे अगदी गंभीर चेहरा करून सांगायचे, "आमच्याकडचे फक्त बघायचे असतात."

स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. तीस वर्षांच्या संसारात माझ्यावर आवाज म्हणून चढवला नाही. ते खातं माझ्याकडे होतं. पण काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश दिसला की यांचं डोकं फिरायचं. "अहो, हा मासा वीतभर वाढतो, पंधरा-वीस वर्षं जगतो. याला बरणीत ठेवणं म्हणजे तुम्हाला मोरीत संसार थाटायला लावण्यासारखं आहे." समोरचा हसायचा, हे हसायचे नाहीत. अशाच एका बरणीतून यांनी दोघींना आमच्या घरी आणलं. गिऱ्हाइकाच्या मुलांची हौस फिटली होती. दोन बोटांएवढ्या, शेपट्या फाटलेल्या, अगदी मरायला टेकलेल्या. मी विचारलं, "पाहुण्या किती दिवस आहेत?" अकरा वर्षं राहिल्या.

घर आमचं दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीतलं माझं कपाट आत गेलं आणि तिथे चार फुटांची टाकी आली. भांडले की मी! का नाही भांडणार? "माझ्या कपड्यांपेक्षा यांना जास्त जागा?" तर म्हणाले, "कपडे पोहत नाहीत गं." कप्पाळ माझं!

थोरली केशरी, पोट सुटलेली. धाकटी पांढरी, पाठीवर एक ठिपका, आणि हावरट इतकी की माणूस दिसला की काचेला तोंड लावून उभी. दोघी वितीएवढ्या झाल्या. रोज संध्याकाळी हे टाकीजवळ बसून मला समजावायचे. खायला किती घालायचं, आठवड्याला पावच टाकी पाणी का बदलायचं, नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं का ठेवायचं. मी कपड्यांच्या घड्या घालत "हं, हं" करायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

गेल्या वर्षी एका वकिलाच्या ऑफिसात, हात टाकीत असतानाच हे कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "यांना आवाज फुटायला हवा. कसलाही चालेल. एकदा आवाज निघाला की पुढे आशा आहे." मी पलंग बाहेरच्या खोलीत, टाकीसमोर घेतला. हे माझ्याकडे बघायचे ते भिंतीकडे बघितल्यासारखं. लेक आली तरी तेच. पण थोरली डावीकडे गेली की यांचे डोळे डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे. ते बघितलं आणि मनाशी ठरवलं, बाई गं, या दोघी आहेत तोवर हा माणूस आपल्यात आहे. या दोघींना काही होऊ द्यायचं नाही.

आता सगळ्या धावपळीत मी टाकीत चिमूटभर खाणं टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पाणी पिवळं झालेलं, काच हिरवी. लेक म्हणाली, "आई, बाबांना यातून दिसणार तरी काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घरात भांड्यात तोंड दिसतं, आणि यांच्या डोळ्यांसमोर ही घाण! म्हटलं, चल, पदर खोच. रविवारी सकाळी दोघींना बादलीत काढलं. सगळं पाणी उपसलं. खडे चोळून चोळून धुतले. फिल्टरमधला स्पंज बाहेर काढला तर काळा ढोण, हात लावायला किळस यावी असा. साबण लावला नाही हो, तेवढी अक्कल होती. नळ मोठा सोडला आणि त्याखाली पिळून पिळून पांढरा केला. मोरी यांच्या पलंगासमोरच आहे.

आणि हे ओरडले.

"आँ... आँ..." असा, पोटातून. दीड महिन्यानंतर पहिला आवाज! मी स्पंज हातात घेऊन तशीच धावले. लेक रडायला लागली. "बाबा बोलले, आई, बाबा बोलले!" यांनी डावा हात उचलला. आम्ही जितक्या हसत होतो तितके हे मोठ्याने ओरडत होते. मी स्पंज त्यांच्यासमोर धरला, "बघा, कसा झालाय! तुम्हाला तरी जमला होता का असा?" डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं यांच्या. मी पदराने पुसलं आणि पुन्हा मोरीत जाऊन तो स्पंज आणखी दोनदा धुतला. टाकी नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली, दोघींना सोडलं आणि डॉक्टरांना फोन लावला. तेही म्हणाले, वा, उत्तम.

दुसऱ्या दिवशी दोघी वर येऊन तोंडं उघडमीट करत होत्या. मला वाटलं भूक लागली, म्हणून खाणं टाकलं. तिसऱ्या दिवशी धाकटीने खाण्याकडे बघितलंही नाही. तिच्या परांवर लाल रेघा उमटल्या होत्या. दुपारी ती खाली खड्यांवर आडवी झाली, आणि हे बघत होते.

लेकीने दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांच्या दवाखान्यातली टाकी हेच बघायचे. बिचाऱ्या लगेच आल्या. पाणी बघून म्हणाल्या, "इतकं स्वच्छ? आणि स्पंज कुठे धुतलात?"

"नळाखाली. कुठे धुणार?"

त्या खुर्चीवर बसल्या. यांच्याकडे बघायला त्यांना अवघड जात होतं. "काका एवढ्या वर्षांत एकदाच आमच्यावर ओरडले," त्या म्हणाल्या. "आमच्या मावशींनी स्पंज नळाखाली धरला होता, तेव्हा. माशांच्या घाणीचं विष होऊ न देणारे बारीक जीव त्या काळ्या गाळातच असतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात. टाकीतल्याच पाण्यात नुसता एकदा पिळून घ्यायचा असतो. टाकी मोठी म्हणून तीन दिवस तरी निघाले, लहान असती तर..."

मी ऐकत होते, आणि मला मोरीतल्या नळाचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यावर यांचा. तो आनंद नव्हता. ते "नको" होतं. तीस वर्षांत माझ्यावर एकदाही न ओरडलेला माणूस ओरडत होता, आणि मी हसत होते.

पलंगाजवळ गेले. विचारलं, "अहो, नको म्हणत होतात ना?" यांनी डोळे मिटून घेतले.

मग सगळं केलं. पाणी बादल्यांत दिवसभर उघडं ठेवून रोज पाव टाकी बदललं, खाणं बंद ठेवलं, बाईंनी आपल्या टाकीतला जुना स्पंज आणून दिला. वरातीमागून घोडं! धाकटी त्याच रात्री गेली, थोरली आणखी पाच दिवस जगली. त्या पाच दिवसांत यांनी टाकीकडे एकदाही बघितलं नाही. तोंड भिंतीकडे. शेवटी ती गेली, तेही मी सांगितलं तेव्हाच कळलं त्यांना.

डॉक्टर दर खेपेला विचारतात, "आवाज आला होता ना एकदा? मग आता का नाही?" मी काय सांगू? परवा लेक म्हणाली, आपण नवे दोन आणू, अगदी तसेच. मी पलंगावर यांच्याजवळ बसले आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला. "अहो, आणू का? नको असेल तर त्या दिवशीसारखं ओरडा. अगदी घर डोक्यावर घ्या. या वेळी मी ऐकते."

पाठीला रग लागेपर्यंत तशीच वाकून बसले होते. श्वास तेवढा येत-जात होता.