नाक चोंदलेलं असताना

आमच्या पेठेतल्या खानावळींवर एक निवृत्त मास्तर ब्लॉग लिहितात. असल्या हौशी लिखाणावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मालकाने फुकट चहा पाजला की आमटी आपोआप अप्रतिम होते! पण परवा एका खानावळीत जेवून आल्यावर त्यांनी लिहिलं, ‘सर्दीने नाक चोंदलंय. आमटीबद्दल आज काही सांगता येणार नाही.’ मी थक्कच झालो.

आज ते त्याच खानावळीत माझ्यासमोर बसले होते. मालकीणबाईंनी वाटी ठेवत विचारलं, “मास्तर, उघडलं का नाक?”

त्यांनी डोळे मिटून वाफ हुंगली. “अजून नाही हो. उद्या पुन्हा येतो.”

माझ्या वाटीतून गोड्या मसाल्याचा वास दरवळत होता. मी घास हातातच धरून त्यांच्याकडे बघत राहिलो. नाक चोंदलेलं असताना आजवर मी कशाकशावर ठणकावून बोललो असेन!