वरचं रान खाली आलं

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, सोलांज दुबॉकचं रान लोर्मिएबाईंच्या स्वयंपाकघरात शिरलं. अगदी खरोखर शिरलं. आमचं गाव, ब्रामेस्निल, खोऱ्यात वसलंय आणि शेतं वर पठारावर आहेत. मी ग्रामपंचायतीचा रस्तेकामगार. गटारं, मोऱ्या, रस्त्याच्या कडेचं गवत हे सगळं माझ्याकडे. पाऊस आला तेव्हा मी चर्चच्या भिंतीलगत गवत कापत होतो. यंत्र बंद करून आडोशाला पोचेपर्यंत रस्ता वाहू लागला होता. वाहत होतं त्याला पाणी म्हणवत नव्हतं. दुधाच्या कॉफीसारखा रंग, पिठल्यासारखा दाटपणा, आणि जोर असा की माझी ढकलगाडी उचलून घेऊन गेला.

बाईंच्या दारात पोचलो तेव्हा आत गुडघाभर गाळ होता. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. एक्याऐंशी वर्षांच्या बाई जिन्याच्या चौथ्या पायरीवर, मांडीवर रेडिओ घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, पाय पुसून ये.

अर्ध्या तासात सोलांज ट्रॅक्टर घेऊन आली. तिने कुणाला काही विचारलं नाही, फावडं घेतलं आणि उपसायला लागली. गाळ कुणाच्या रानातला, हा प्रश्नच नव्हता, कारण त्यात नुकतीच उगवलेली साखरबीटाची रोपं होती. दोन-दोन पानांची, गुलाबी देठांची, हजारो. पठारावर त्या वर्षी बीट फक्त सोलांजचं होतं. बाई खाली उतरल्या, वाकून एक रोप उचललं आणि तिच्या हातात ठेवलं.

"हे तुझं आहे, सोलांज. घेऊन जा."

बाईंनी तिला शिकवलं होतं, मलाही. गावातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना शिकवलं होतं. सोलांज तेव्हा चौपन्न वर्षांची होती, पण ते रोप हातात घेताना तिचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरीसारखा झाला. आम्ही दोघं तीन दिवस गाळ उपसत होतो.

सोलांजबद्दल थोडं सांगायला हवं. तिने लग्न केलं नाही. आई लवकर गेली, भाऊ रुआँ शहरात नोकरीला लागला, आणि ती म्हाताऱ्या बापाबरोबर, ल्युसियाँबरोबर, शेतावर राहिली. तिचं रान म्हणजे गावाचं भूषण होतं. वसंतात पेरणीआधी ती माती अशी बारीक करायची की बोटांतून मैद्यासारखी गळावी. एक ढेकूळ दिसायचं नाही, एक काडी दिसायची नाही. रविवारी लोक गाडीतून तिकडून जाताना वेग कमी करायचे. ल्युसियाँ तर पाहुण्यांना आधी रान दाखवायचा, मग घरात घ्यायचा.

त्या गुरुवारनंतर हीच सोलांज एका जागी टिकेना. सुरुवातीला तिने आभाळाला दोष दिला. तासाभरात बासष्ट मिलिमीटर, कुणाचं रान थांबेल, असं ती भेटेल त्याला सांगायची, न विचारता सांगायची. लोक होय म्हणायचे. पण साधी सर आली तरी ती बूट चढवून बाहेर पडायची. जेवत असली तर ताट तसंच ठेवून. उताराच्या टोकाला रस्त्याखालून एक मोरी जाते, तिथे ती छत्रीही न उघडता उभी राहून वाहत्या पाण्याचा रंग बघत बसायची. मी मोरी साफ करायला गेलो की ती आधीच तिथे. मी एकदा गमतीने म्हटलं, पगार पंचायत देणार की तू फुकट करतेस? ती हसली नाही. म्हणाली, "रेमी, चार मिलिमीटरलासुद्धा गढूळ येतंय रे."

ऑगस्टमध्ये बाईंनी तिला बोलावून घेतलं, मलाही बोलावलं. बाईंच्या स्वयंपाकघराला नवा रंग दिला होता, तरी ओलीचा वास गेला नव्हता. टेबलावर पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या बरण्या होत्या आणि दोन ढेकळं. एक सोलांजच्या रानातलं, दुसरं बाईंच्या परसातल्या सफरचंदाच्या झाडाखालचं, जिथे पन्नास वर्षांत कुदळ लागलेली नाही. बाईंनी जाळीच्या गाळण्यांत ती दोन ढेकळं ठेवली आणि एकाच वेळी पाण्यात सोडली. सोलांजचं ढेकूळ मिनिटभरात फुटलं, विरघळलं, बरणीत चिखलाचा ढग झाला. सफरचंदाखालचं तसंच बसून राहिलं. आम्ही कॉफी प्यायलो, त्यात कॅल्व्हाडोसचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, थेंब घातला, तोवरही ते तसंच होतं. पाणी नितळ.

माती तीच, पठारावरची पिवळी पोयट्याची, बाई म्हणाल्या. फरक एवढाच की एकीत राहणारं कुणी आहे. बुरशीचे तंतू कणाला कण बांधतात, जिवाणूंचा चिकटा त्यांना धरून ठेवतो, गांडुळं त्यातून पाण्याला वाटा करतात. दरवर्षी नांगरून ते तंतू तोडायचे, वर सहा महिने उघडी ठेवून सगळ्यांना उपाशी मारायचं, मग पावसाच्या थेंबाने तिचं पीठ होणार आणि त्या पिठाची वर खपली धरणार. पाणी आत जाणार कुठून? हे सगळं त्यांनी उन्हाळाभर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलं होतं. शेवटी जे म्हणाल्या ते माझ्या लक्षात राहिलं.

"मी तुम्हाला शिकवलं की माती म्हणजे दगडाचा भुगा. चुकीचं शिकवलं. पण मला कळल्यावर तरी मी सांगतेय. तुझं काय?"

सोलांज उठून गेली. कॉफी अर्धीच राहिली.

ती रागावली होती, पण घरी जाऊन तिने कुदळ काढली. वीतभर लांब, वीतभर रुंद, तेवढाच खोल खड्डा घेतला, माती पोत्यावर पसरली आणि गांडुळं मोजली. दोन. मग बांधाच्या झुडपाखाली तसाच खड्डा घेतला. एकोणीस. दुसऱ्या दिवशी तिने रानात आठ ठिकाणी खड्डे घेतले. कपाटातून माती परीक्षणाचे सगळे जुने कागद काढले. स्फुरद भरपूर, पालाश भरपूर, आम्लता दाखवणारा सामू अगदी हवा तसा. कागदावर तिची माती गेली तीस वर्षं पहिल्या नंबराने पास होत होती. फक्त एका ओळीकडे तिने कधी बघितलं नव्हतं. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा आणि शेणाचा मातीत उरलेला अंश. बापाच्या वेळच्या, गाई होत्या तेव्हाच्या कागदावर तो जवळजवळ दुप्पट होता. गाई गेल्या, कुरणं नांगरली, शेण थांबलं, पोत्यातली खतं आली. पीक चांगलं येत राहिलं म्हणून कुणाला काही कळलं नाही.

त्या शरदात तिने नांगर शेडच्या मागच्या भिंतीला लावला आणि गव्हाच्या धसकटातच मोहरी, घेवडा आणि वाटाण्याचं मिश्रण पेरलं, विकायला नव्हे, नुसतं माती झाकायला. हिवाळ्यात ते कुजेल, मुळं आत राहतील, आणि वसंतात त्यातच पुढची पेरणी. सांगायला हे सोपं वाटतं. पहिल्या वर्षी बीट अर्धं उगवलं. दुसऱ्या वर्षी काडीखाली बिनशंखी गोगलगायी माजल्या आणि त्यांनी तीन रात्रींत तेलासाठी लावलेल्या मोहरीची सगळी रोपं खाल्ली. रानगवत इतकं आलं की तिला तणनाशक मारावं लागलं. बाईंनी तेही सोडलं नाही. नांगर सोडलास आणि फवारा धरलास, असं त्या भर बाजारात म्हणाल्या. सोलांज म्हणाली, एकदम दोन्ही सुटत नाही, बाई. आणि तिथून निघून गेली.

गावात तिच्या रानाला नाव पडलं, दाढी न केलेलं रान. रविवारी गाड्या अजूनही हळू व्हायच्या, पण वेगळ्या कारणाने. सगळ्यात जड गेलं ते ल्युसियाँला. चौऱ्याऐंशीचा झाला होता. तो खिडकीतली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. एकदा तिने त्याला गाडीतून बांधावर नेलं, तर त्याने विचारलं, "हे कुणाचं रान?" ती म्हणाली, आपलंच. तो म्हणाला, नाही.

या सगळ्यात ती वाळली. बसायची नाही. माझ्याशी बोलतानाही बुटाच्या टोकाने माती उकरत असायची. वर्षातून दोनदा तेच आठ खड्डे घ्यायची, आणि आकडे सांगायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, अजून काही नाही.

चौथ्या शरदात ती हरली. पुन्हा गोगलगायी, पुन्हा विरळ पीक. त्या वर्षी तिने खड्डेही घेतले नाहीत. ऑक्टोबरच्या एका सकाळी मी पठारावरच्या रस्त्याचे खड्डे भरत होतो, तेव्हा तिचा ट्रॅक्टर आला, मागे नांगर. पाती घासून चकचकीत केलेली. शेजारच्या सीटवर ल्युसियाँ, डोक्यावर रविवारची टोपी. त्याने मला हात केला, चार वर्षांत पहिल्यांदा. तिने हात केला नाही.

पहिलं तास, नांगराची पहिली चरी, काढलं. सरळ, जुन्यासारखं. दुसरं काढलं. तिसऱ्याला समुद्राकडून एक पक्षी आला. मग पाच. सहाव्या तासाला नांगरामागे समुद्रपक्ष्यांचा पांढरा लोंढा होता, शंभरेक तरी असतील, एकमेकांवर आदळत, ओरडत, उलटलेल्या मातीवर तुटून पडत. आम्ही लहान असताना प्रत्येक नांगरामागे असे पक्षी असायचे. मग कमी झाले, मग दिसेनासे झाले. आम्हाला वाटायचं, बंदरावर मासळीच्या घाणीवर त्यांचं पोट भरतं म्हणून येत नाहीत. त्यांना इथे खायला काही नव्हतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ट्रॅक्टर थांबला. मला वाटलं काही मोडलं. मी फावडं टाकून चालत गेलो. सोलांज तासात गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती वर करत होती. माती दाणेदार, काळपट, पावासारखी पोकळ, आणि तिच्यात गांडुळं, लाल, जाड, अर्धी कापलेली, अर्धी वळवळत भोकांत परतणारी. पक्षी तिच्या हातभर अंतरावरून उचलून नेत होते. ती त्यांना हाकलत होती. हात उडवत होती, शिव्या देत होती, आणि रडत होती. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या मातीलाही नाही.

ल्युसियाँने ट्रॅक्टरची काच खाली केली. त्याने मान बाहेर काढून पक्ष्यांकडे बघितलं.

"आलेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "नांगर उचल, पोरी."

तिने नांगर उचलला. ती सहा तासं हिवाळाभर तशीच दिसत होती, रानाच्या कडेला उघड्या जखमेसारखी. तिने वसंतात त्यांच्यावरही हाताने बी टाकलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. गोगलगायी त्या वर्षी कमी झाल्या, का ते तिलाही नीट माहीत नाही. काडीखाली काळे किडे वाढले, ते गोगलगायींची अंडी खातात, असं ती म्हणते, पण छातीठोकपणे म्हणत नाही. गहू पूर्वीच्या जवळपास आला. खताची पोती तिने तिसऱ्या हिश्श्याने कमी केली. ल्युसियाँने खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली आणि पुढच्या फेब्रुवारीत, त्या खुर्चीतच, गेला.

गेल्या जूनमध्ये पुन्हा तसं आभाळ आलं. पाऊण तासात अठ्ठेचाळीस मिलिमीटर. मी दारं अडवायची पंचायतीची फळकुटं घेऊन धावलो आणि आधी बाईंचं दार गाठलं. बाई शहाऐंशीच्या, दारातच उभ्या होत्या, छत्री घेऊन, गटाराकडे बघत. सोलांजच्या उतारावरून पाणी येत होतं, पण गुडघाभर नाही, घोटाभर, आणि त्यातून गटाराच्या तळाचे दगड दिसत होते. बाईंनी छत्री मिटली. आत गेल्या.

गाळ त्या दिवशी दुसऱ्या बाजूने आला. फ्लोराँ व्हास्लेंच्या बटाट्याच्या रानातून, शाळेच्या गल्लीत. फ्लोराँ चाळिशीचा, पठारावरचा सगळ्यात हुशार शेतकरी. 'दाढी न केलेलं रान' हे नाव त्यानेच ठेवलं होतं. तो शाळेच्या फाटकाशी उभा होता, चिखलात, हात लोंबकळत. सोलांज भिजत आली. मला वाटलं, आता ती बोलणार. चार वर्षांचं साठलेलं होतं. मी तर ऐकायला फावडं टेकून उभा राहिलो.

तिने विचारलं, घरात कुणाच्या शिरलं का. तो म्हणाला, नाही, शाळेच्या अंगणापर्यंतच. मग तो म्हणाला, खाली बघत, की तुझं पाणी मी बघितलं, मोरीवर. तू काय केलंस ते सांग.

"ते मलाही पुरतं माहीत नाही," सोलांज म्हणाली. "चल, तुझ्याकडे एक खड्डा घेऊ."

आणि ते दोघं भर पावसात वर निघाले, ती पुढे, घाईने, नेहमीसारखी, तो मागे घसरत. शाळेसमोरचा गाळ मला एकट्याला उपसावा लागला. संध्याकाळी सहापर्यंत ते वरून उतरले नव्हते.