क्लिफर्ड आणि अर्थिंगची वायर

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या क्लिफर्ड सग्डनच्या घरात बाहेरचा कारागीर कधी आला नव्हता. नळ, कौलं, कुंपण, सगळं तोच करी आणि बिघडलं की दोष वस्तूचा असे. छपरावरच्या एका अँटेनावर बैठकीत, स्वयंपाकघरात, दोन्ही बेडरूममध्ये आणि बागेतल्या शेडमध्येसुद्धा त्याने टीव्ही चालवले होते. आल्यागेल्याला ते सगळे दाखवल्याशिवाय तो चहा विचारत नसे.

मग त्याच्या बायकोला, मेव्हिसला, झिणझिण्या येऊ लागल्या. एक हात खोली गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर ठेवून दुसऱ्याने टीव्हीमागची केबल काढली की मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. क्लिफर्ड म्हणाला, तुझ्या चपलाच खराब आहेत. तिने नव्या आणल्या, तरी झिणझिण्या होत्याच. शेवटी त्याला न विचारता तिने रोलंड हार्डकासलला बोलावलं.

बोलवायचं तर कुणालाही बोलवावं, पण रोलंडला? तो अँटेनाची कामं करायचा हे खरं. पण लग्नाआधी मेव्हिस त्याच्याबरोबरच नाचायला जायची, आणि आता त्याची बायको वारली होती. क्लिफर्डच्या पोटात तेव्हापासूनच दुखायला लागलं.

रोलंड माळ्यावर जाऊन आला. म्हणाला, प्रत्येक टीव्हीतून किंचित वीज केबलच्या आतल्या तारेच्या जाळीत झिरपते. एकट्याची कळत नाही, पण सगळ्यांची मिळून थेंबे थेंबे तळे साचे. सगळ्या जाळ्या एका धातूच्या पट्टीला जोडायच्या आणि ती पट्टी घराच्या अर्थिंगला. त्याने तशी हिरवी-पिवळी वायर टाकली आणि झिणझिण्या गेल्या. त्या दिवसापासून मेव्हिसच्या तोंडी रोलंडच. रोलंड किती नीटनेटका, जाताना शिडीखालची धूळसुद्धा पुसून गेला. ऐकून ऐकून क्लिफर्डच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी ती बाजारात गेल्यावर तो माळ्यावर चढला आणि पट्टीवरची वायर सोडून ठेवली. कळू दे तिला, रोलंडचं काम किती टिकतं ते.

तिला झटका बसला, तो संध्याकाळीच. तिने हात चोळला आणि सरळ फोन करून रोलंडला परत बोलावलं. असं होईल हे काही क्लिफर्डच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याला घालवायला गेला, त्यालाच त्याने घरात आणलं.

दुसऱ्या दिवशी रोलंडच्या मागोमाग तोही माळ्यावर गेला. सोडलेला स्क्रू पट्टीवर व्यवस्थित ठेवलेला होता. आपोआप सुटलेला स्क्रू काही असा बसत नाही. रोलंडने स्क्रूकडे पाहिलं, क्लिफर्डकडे पाहिलं आणि वायर जोडली. खाली येऊन मेव्हिसला म्हणाला, "चूक माझीच. मी नीट आवळलं नव्हतं."

क्लिफर्डला हवं होतं ते हेच. पण मेव्हिस रागावली नाही. तिने रोलंडला आल्याच्या केकचा मोठा तुकडा दिला आणि फाटकापर्यंत पोचवायला गेली. परत येऊन ती नवऱ्याशेजारी बसली.

"किती सहज म्हणाला, बघितलंस?" ती म्हणाली. "एवढ्या वर्षांच्या संसारात तुझ्या तोंडून हे एकदा तरी ऐकलंय का मी?"

ते शब्द क्लिफर्डच्या अगदी ओठांवर आले होते. आज म्हणायला खरं कारणही होतं. पण रोलंडचे उष्टे शब्द कोण उचलणार? त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.