काडीवरचा अख्खा केक

लहानपणी मला केक म्हणजे चुराच वाटायचा. गोवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. ऑर्डरचे केक चौकोनी करताना ज्या कडा कापून निघायच्या, त्या बेकरीवाला पिशवीत भरून स्वस्तात द्यायचा. एकाच मुठीत गुलाबी, पिवळा, चॉकलेटी असे तीन वाढदिवस असायचे, आणि तिन्ही दुसऱ्यांचे. वडील देवनारच्या डम्पिंगवर भंगार वेचायचे. खोकत घरी यायचे. दिवस बरा गेला असेल तर हातात ती पिशवी असायची. आई ती ताटात ओतून मला आणि धाकट्या भावाला सारखी वाटून द्यायची आणि ताटाला चिकटलेलं स्वतः बोटाने चाटायची. वडील त्या खोकल्यातच गेले. आईने शाळेत झाडूपोछा करून आम्हाला वाढवलं. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. आता मुलुंडला एका कंपनीत हिशेब बघते आणि तिथेच राहते. आई आणि भाऊ अजून त्याच खोलीत आहेत.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या गल्लीत मंडळाचा मोठा केक कापतात. सुरी एक, आणि तिला हात लावणारे दहा मोठे. मग जी झुंबड उडते, तिच्यात पुढच्यांना तुकडा आणि मागच्या पोरांना पुठ्ठ्यावरचं क्रीम. मीही मागचीच होते. गेल्या वर्षी तर टेबलच आडवं झालं आणि अर्धी गल्ली रडत घरी गेली. भाऊ मंडळात आहे. यंदा केकच नको असं चाललंय, म्हणाला. मी फोनवर बोलून गेले की, मी प्रत्येक पोराला एकेक वेगळा करून देते, काडीवरचा. मोबाइलवर बघून एकदा केले होते, बरे झाले होते. मी पुन्हा विचार करायच्या आत त्याने मंडळात सांगूनही टाकलं. मोठ्या केकची ऑर्डर रद्द झाली. म्हणजे आता माझं बिघडलं तर पोरांना काहीच मिळणार नव्हतं.

"तायडे," तो म्हणाला, "जयंतीला लॉलीपॉप वाटणार तू?"

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळीच मुलुंडला माझ्या छोट्या ओव्हनमध्ये केक भाजले आणि डबे मांडीवर घेऊन रिक्षाने गोवंडीला आले. आईने वरचा डबा उघडला. केक चांगला फुगला होता, वरून तांबूस, कडा जागच्या जागी. ती बघतच राहिली. मी परात घेतली, बांगड्या वर सारल्या आणि केक मोडायला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

"अख्खा हाय की गं. मोडायचा कशापायी?"

मी समजावलं. केक पॉप असाच होतो. आधी केक कुस्करायचा, त्यात थोडं क्रीम घालून लाडवासारखे गोळे वळायचे, काडी खोचायची आणि वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवायचे. तिने सगळं ऐकलं, पण मनगट सोडलं नाही. जल्मभर मोडका खाल्ला, म्हणाली, आन् आज घरात धड आला तर तू त्याचा चुरा करतीस. व्हिडिओत हे नसतं.

मग तिने केक उचलला, कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवला, मेणबत्ती लावली आणि हात जोडले. इतका वेळ उभी राहिली की भावानेही येऊन हात जोडले. त्या कोनाड्यापुढे मी हजारदा हात जोडले असतील. पण त्या दिवशी, मेणबत्तीच्या उजेडात, एवढासा साधा व्हॅनिला केक मला केवढा तरी मोठा दिसला. मग आईनेच तो परातीत घेतला आणि स्वतःच्या हाताने मोडला, सावकाश. एक कण बाहेर पडला नाही.

बाकीचे केक मी मोडले आणि गोळे वळले. थंड व्हायला आमचा फ्रिज पुरेना, म्हणून शेजारच्या घरांत वाटून ठेवले. एकीने त्यासाठी सुकट बाहेर काढलं.

चूक इथे झाली. मला सगळे निळे करायचे होते. अर्धं पांढरं चॉकलेट वितळवून त्यात बाटलीतला निळा रंग ओतला, आणि ते पातेल्यातच कणकेसारखं घट्ट झालं. पाण्यातला रंग चॉकलेटला चालत नाही, तेलातला लागतो, हे मला नंतर कळलं.

"झकास," भाऊ म्हणाला. "वाट लागली."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आईने पातेल्यात डोकावून बघितलं.

"उद्या आपन काय नेसतो? पांढरंच ना? मंग ह्यान्ला बी पांढरंच नेसव."

उरलेलं चॉकलेट वितळवलं. पुरवून वापरायचं होतं. पहिला गोळा बुडवला, उचलला, काडी हळूहळू फिरवली. खडबडीत गोळ्यावरून पांढरं वाहत गेलं, खाली एक थेंब लोंबला, पडला, आणि बघता बघता सगळं गुळगुळीत होऊन थिजलं. मीच केलं होतं, तरी माझा विश्वास बसेना. भाऊ पातेल्यातल्या त्या घट्ट निळ्या चॉकलेटशी चाळा करत होता. वायरिंगची कामं करणारी त्याची बोटं. त्याने चिमटीत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका वळला आणि पांढऱ्यावर दाबला. चिकटला. मग तो खाली बसला आणि एकेकावर ठिपके लावत राहिला.

थर्माकोलवर रांगा उभ्या राहिल्या, पांढऱ्यावर निळे ठिपके. शेजारणी बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. कुठल्या बेकरीतून आणले, एकीने विचारलं.

"माझ्या पोरीनं केले," आई म्हणाली. "बी.कॉम. हाय ती."

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर पोरांना रांगेत उभं केलं. ढकलाढकली झाली नाही. थर्माकोल भरलेला सगळ्यांना दिसत होता. पण ज्याच्या हातात केक गेला, तो खाईचना. काडी फिरवून सगळीकडून बघत होता. ढोलवालेही थांबून बघत होते. एका चिमुरडीने आपला केक दोन्ही हातांत धरून माझ्या भावाला विचारलं, "यातला दादाला किती देऊ?"

"दादाचा वेगळा आहे," तो म्हणाला. "हा तुझा."

रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत पुरले. त्या जयंतीला आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला स्वतःचा एक केक मिळाला, आणि तो आम्ही घरी केला होता.