ओपन म्हणजे बघायले ओपन

"नोटीस आजच गेली पाहिजे," आमच्या कॉलेजचे डायरेक्टर सर टेबलावर फोन आपटत म्हणाले. "आपला कोर्स चोरून राहिली ते बाई!"

फोनवर आमच्याच प्रोफेसरांचं इलेक्ट्रिक मोटार दुरुस्तीचं लेक्चर चालू होतं. सावनेरच्या सुषमाताई बायकांना पंखे-मिक्सर दुरुस्त करायला शिकवतात. त्यांनी आमच्या तासाभराच्या लेक्चरचे छोटे छोटे तुकडे करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. मधेच प्रोफेसर गप्प व्हायचे आणि सुषमाताईंचा आवाज यायचा, "थांबा वं बायांनो! पंखा गुणगुणते, पण फिरत नाही. काहून? आधी सांगा, मग पुढचा व्हिडिओ पाहा."

मी या ऑनलाइन कोर्सेसची कोऑर्डिनेटर. फुकट कोर्सचं दुखणं मला पाठ आहे. नाव नोंदवायला लग्नाच्या पंगतीएवढी गर्दी आणि परीक्षेला मांडव आवरायला थांबलेले चार पाहुणे. आम्ही रिमाइंडर पाठवून पाठवून थकलो होतो, आणि ही बाई लोकांना धरून बसवत होती. मला तर तिचा हेवाच वाटला.

"सर, ही चोरी नाही. आपलं लायसन्स ओपन आहे."

"ओपन म्हणजे बघायले ओपन!"

"नाही सर." ओपन लायसन्स म्हणजे मालकाने आधीच देऊन ठेवलेली परवानगी, हे मी समजावलं. कॉपी करा, कापा, भर घाला, फक्त मूळ नाव द्या. सुषमाताईंनी प्रत्येक तुकड्यावर आमचं नाव दिलं होतं. मी लायसन्सचा कागद पुढे केला. खाली सरांचीच सही.

"मले वाटलं, फुकट आहे एवढंच लिहिलं असन," सर पुटपुटले.

मी सावनेरला फोन लावला. कॉलेजचं नाव ऐकूनच सुषमाताई घाबरल्या.

"मॅडम, काढून टाकून राहिली जी, आताच! दोन तर काढले बी. पण बायायची तुमच्याच कोर्सची परीक्षा तोंडावर आली. त्या काय पाहून अभ्यास करतीन?"

"ताई, थांबा! काही काढू नका. काढलेलेही परत टाका."

"खरंच जी?"

तुकडे मी प्रोफेसरांना पाठवले. ते चिडतील अशी धाकधूक होती. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढचं लेक्चर या बाईंसोबत करता येईल का?"

सावनेरच्या बाया एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून नागपूरला परीक्षेला आल्या. एक सोडून सगळ्या पास झाल्या. त्या एकीने पुन्हा नाव नोंदवलंय. आमच्या कोर्समध्ये आता सुषमाताईंचा आवाज आहे, नावासकट. आणि परवाच्या कार्यक्रमात सर स्टेजवरून म्हणाले, "ओपन एज्युकेशन ही आमची पहिल्यापासूनची भूमिका आहे."

सही करण्याआधी लायसन्स वाचावं, असा धडा मी इथे देणार होते. पण सरांनी ते वाचलं असतं, तर सही केलीच नसती.