पाटाचं दार

वाळू अहिरे हा पाटकरी. म्हणजे गावच्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी नि किती वेळ सोडायचं, हे ठरल्या पाळीप्रमाणे बघणारा माणूस. सटाण्याहून दहा-बारा मैलांवर, मोसम नदीच्या काठी त्याचं गाव. नदीत जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला मातीचा पाट आणि पाटावर गावाची शेती. हे सगळं बांधलं कुणी, ते गावात कुणालाच सांगता येत नाही. पण पाट गावाचा, यात कधी कुणाला शंका नव्हती. पाळी गाव ठरवायचं, भांडण गाव मिटवायचं आणि सुगीला पाटकऱ्याच्या मेहनतीच्या पेंढ्या गावच द्यायचं. वाळूचा बाप पाटकरी होता, आजाही होता. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात वाळूने कुणाची पाळी चुकवली नाही की सख्ख्या मेव्हण्याला घटकाभर जास्त पाणी दिलं नाही. मेव्हणा अजून त्याच्याशी बोलत नाही, एवढा पुरावा पुरे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पाट साफ व्हायचा. घरटी एक माणूस, हातात फावडं. ज्या घरात फावडं धरणारं कुणी नाही, त्या घरानं सगळ्यांसाठी भाकरी आणायची. वत्सलाबाई एकटी, मूल ना बाळ. ती बाजरीच्या भाकरी आणि ठेचा टोपलीभर घेऊन यायची. तिचं अर्धा एकर रान नि विहीर पाटाला लागूनच. पाट पाझरायचा, विहीर भरायची. अशा नऊ विहिरी त्या पाझरावर जगत होत्या. भर उन्हाळ्यातही त्यांना पुरुषभर पाणी असे. जेवण झालं की सगळे वत्सलाबाईच्या विहिरीवर पाणी प्यायला जायचे.

दोन वर्षांपूर्वी पाटाच्या तोंडाचं लाकडी दार कुजून मोडलं. अशी दारं आजवर गावातच झाली. बाभळीच्या फळ्या कापायच्या, पुंजा सुतारानं जोडायच्या, संपलं. पण पुंजा नाशकात फर्निचरच्या कामाला गेलेला. चावडीवर कुणीतरी म्हणालं, सरकार एवढे पैसे वाटतंय, एक दार देणार नाही का? वाळूला ते पटलं. ग्रामपंचायतीतल्या रवीने अर्ज लिहिला आणि वाळूने खाली सही ठोकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वर्षभर काही झालं नाही. मग माघात एक गाडी आली. तीतून उतरल्या तेजस्विनी मॅडम, तालुक्याच्या ऑफिसातल्या इंजिनिअर. वयानं लहान, बोलायला गोड.

"काका, तुमचा अर्ज मंजूर झालाय. बंधाऱ्यापासून शेवटपर्यंत अख्खा पाट सिमेंट काँक्रीटचा होणार."

वाळू गोंधळला. "म्याडम, मी त एक दार मागेल होतं."

"दारासाठी निधी नसतो, काका. पाटाच्या काँक्रीटसाठी असतो."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण देव निदान डोळेच देतो. वाळूने मॅडमना पाटाच्या कडेने चालवत नेलं आणि नऊच्या नऊ विहिरी दाखवल्या. पाट सिमेंटचा झाला की पाझर बंद, पाझर बंद की विहिरी कोरड्या, हे त्यानं फावड्याच्या दांड्याने जमिनीवर रेघा ओढून समजावलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. त्यांना समजलंही. हेच तर दुःख आहे, समजूनसुद्धा काही झालं नाही.

आठ दिवसांनी तो सटाण्याला ऑफिसात गेला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमचं बरोबर आहे, काका. मी वर लिहिलं होतं. पण मार्चच्या आत पैसे खर्ची पडले नाहीत तर परत जातात. परत गेले की पुढच्या साली तालुक्याचं कमी होतं. माझ्या हातात नाही."

"जाऊ द्या ना परत. आमचे नव्हतेच ते."

मॅडमनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"मग मी अर्जच मागं घेतो."

"तो आता तुमचा एकट्याचा अर्ज नाही राहिला. फायलीत ती ग्रामस्थांची मागणी आहे. रद्द करायची तर ग्रामसभेचा ठराव लागेल."

ग्रामसभा झाली. सरपंच योगेश म्हणाला, "काका, चालून आलेली लक्ष्मी वापस लावायची का?" लोक हसले. विहिरीवाल्या नऊ घरांपैकी पाच जणांचे ट्रॅक्टर त्याच कामावर लागायचे होते. ते खाली बघत बसले. काम नको म्हणून हात वर झाले फक्त तीन. वाळूचा, वत्सलाबाईचा आणि एका म्हाताऱ्याचा, ज्याला विषय नीट ऐकूही आला नव्हता. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची वेळ वाळूवर आली होती, आणि कुत्रं आवरायला कुणी जागेवरून उठेना.

अठरा दिवसांत पाट पांढराफटक झाला. तोंडाला दार बसलं नाही, कारण ते अंदाजपत्रकात नव्हतं. वाळूनं तिथं रेतीची पोती रचली. एक कागद मात्र आला: पाट आता ऑफिसच्या ताब्यात, पाळीचा तक्ता तिकडूनच येईल, परवानगीशिवाय कुणी पाटात हात घालू नये. पाटकरी हा शब्द त्या कागदात कुठेच नव्हता. वाळूनं तो दोनदा वाचला आणि घडी करून टोपीत ठेवला. त्याला राग यायला हवा होता. आली ती लाज.

आखाजीचा आदला दिवस उजाडला. सवयीनं वाळू फावडं घेऊन पाटावर गेला. साफ करायला काही नव्हतं, म्हणून दुसरं कुणीच आलं नाही. आली ती एकटी वत्सलाबाई, डोक्यावर टोपली घेऊन. पाटाच्या तोंडाशी नवा बोर्ड होता, त्याच्या सावलीत ती टेकली. तिला वाचता येत नाही.

"भाऊ, काय लिखेल शे हाई?"

वाळूनं वाचून दाखवलं. कामाचं नाव, रक्कम, आणि शेवटची ओळ: ग्रामस्थांच्या मागणीनुसार.

"कोन्ही मांगं व्हतं हाई?"

गाव सगळं, ऑफिस, मॅडम, योगेश, कुणाचंही नाव घेता आलं असतं. वाळू म्हणाला, "मी."

वत्सलाबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि भाकरीवर ठेचा ठेवून पुढं केली.

"बैस. खाई ले."

वाळूनं दोन घास खाल्ले. ठेचा नेहमीसारखा जहाल होता. तो उठला, सवयीनं तिच्या विहिरीवर गेला आणि बादली सोडली. दोर सुटत गेला, सगळा सुटला, आणि बादली खाली दगडावर आपटली. तिकडं पाटाशी वत्सलाबाईनं तो आवाज ऐकला असणार, पण तिनं मान वळवली नाही. वाळूनं रिकामी बादली हळूहळू वर ओढली, जागेवर ठेवली, आणि परत येऊन उरलेली भाकरी तशीच कोरडी खाल्ली.