पुठ्ठ्याची कुत्री

परवा सदाशिव पेठेत दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. नंबर यायला अवकाश होता, म्हणून खाली उतरले आणि शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानासमोर उगीच रेंगाळले. दारात दोरीला चिमटे लावून पारदर्शक पिशव्या टांगल्या होत्या. आत पुठ्ठ्याच्या कोऱ्या नळ्या, अंड्यांच्या ट्रेचे एकसारखे कापलेले तुकडे, कधीच कुठल्या बाटलीवर न बसलेली रंगीत झाकणं आणि हलत्या बुबुळांचे चिकटवायचे डोळे. वर छापलं होतं, 'टाकाऊतून टिकाऊ : प्राणी बनवा'. मी एक पिशवी काढून उलटसुलट करून पाहिली. त्यातली एकही वस्तू कुणी कधी वापरलेली नव्हती, मग टाकलेली कुठून असणार!

"हा कचरा नवा आहे का हो?" मी विचारलं.

दुकानदारानं मान वर केली नाही. "शाळेत मागतात. घरात शोधत बसायला आईबापांना वेळ नसतो. घ्यायचंय का? नसेल तर पिशवी परत चिमट्याला लावा."

लावली. पण जिना चढताना कानशिलं तापलेली होती. तो बिचारा आपलं दुकान चालवत होता, त्याच्यावर कसला राग काढायचा? हा राग फार जुना. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या गार फरशीवर बसून मी मुलांबरोबर प्राणी बनवायचे, तेव्हाचा. इतकी वर्षं झाली, पण असं काही दिसलं की तो तितक्याच ताकदीनं उठून उभा राहतो. मीही त्याला कधी बस म्हटलेलं नाही.

मी काही चित्रकलेची बाई नव्हे. शनिवारी दुपारी मुलं जिन्यात दंगा करत आणि वरच्या मजल्यांवरची माणसं ओरडत, म्हणून एका शनिवारी मी त्यांना खाली घेऊन बसले, एवढंच. म्हटलं, घरात जे फेकून देणार आहेत ते घेऊन या. काय काय आलं! औषधांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या, लग्नाच्या पत्रिका, एकेकटे उरलेले मोजे, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, मोडक्या छत्रीचं काळं कापड, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या. करवंटीचं कासव झालं, छत्रीच्या कापडाचं वटवाघूळ झालं, आजोबांच्या मोज्याची हत्तीची सोंड झाली. मी घरून मैद्याची खळ शिजवून न्यायची. तिचा तो कोमट, किंचित आंबूस वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि मुलांच्या घामेजल्या डोक्यांचा वास मिळून त्या दुपारींना एक स्वतःचं असं अंग होतं. त्या प्राण्यांत धड कुणीच नसे. कुणाला तीन पाय, कुणाची मान पाठीपेक्षा लांब. पण त्यांच्याकडे पाहिलं की कळायचं, करणाऱ्यानं तो प्राणी कधीतरी जवळून, श्वास रोखून पाहिलेला आहे.

आणि जवळून पाहायला आमच्याकडे ती होती. तपकिरी रंगाची, मध्यम बांध्याची, वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारी कुत्री. तिला प्रत्येक मजल्यावर वेगळं नाव होतं आणि ती सगळ्या नावांना शेपूट हलवायची. तिचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. लसही टोचलेली होती. आमच्या शनिवारच्या बैठकीला ती न चुकता यायची आणि सुतळीच्या गुंड्यावर हनुवटी टेकून पडायची. सुतळी हवी असली की तिची हनुवटी हलकेच उचलावी लागे. हे काम दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी करायची. तिचे आईवडील नोकरीसाठी अमरावतीहून नुकतेच इथं आलेले. वर्गातली मुलं तिच्या बोलण्याला हसत, म्हणून ती माणसांशी कमी बोलायची. कुत्रीशी मात्र पोटभर बोलायची, आपल्या वऱ्हाडी बोलीत.

एका सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला. 'भटक्या प्राण्यांचा प्रश्न कायमचा मार्गी लावण्यात आला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.' पुढे हात जोडलेलं चिन्ह. त्याखाली पंधरावीस अंगठे. मी खाली धावले. खुर्चीखालची जागा रिकामी होती आणि वॉचमन माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पहाटे टेम्पो आला होता. कुत्रीला पोत्यात घालून नेलं होतं.

अध्यक्षांच्या दारात मी उभी राहिले. त्यांनी बसायला सांगितलं, चहाचं विचारलं. फार सभ्य माणूस. "अहो मॅडम, आपण समजून घ्या. माझ्या नव्या गाडीच्या कव्हरवर झोपायची ती. नखांचे ओरखडे दाखवू का आपल्याला?"

"कुठं सोडलंत तिला?"

"चांगल्या मोकळ्या जागी सोडलंय. तिलाही मोकळं वाटेल."

"तिचं ऑपरेशन झालंय, लस दिलीय. कायद्यानं तिला असं उचलून नेता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे ना?"

"आपण भावनेच्या भरात बोलताय," ते हसून म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं.

त्या मुलीची आई आणि मी स्कूटरवर बसून आळंदी रस्त्यानं शोधत फिरलो. वाटेतल्या टपऱ्यांवर विचारलं, कचऱ्याच्या ढिगांपाशी थांबलो, मोकळी दिसली ती प्रत्येक जागा पाहिली. मोकळ्या जागा पुष्कळ होत्या. प्रत्येकीत आधीपासूनची कुत्री होती आणि ती सगळी आमच्यावर धावून येत होती. परक्या कुत्रीचं तिथं काय झालं असेल, हे आम्हा दोघींना दिसत होतं. परत आलो तेव्हा मुलगी फाटकाशीच उभी होती. तिनं आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काकू, तिले काऊन नेलं?" तिनं विचारलं. "तिनं काय केलं होतं?"

  गाडीचं कव्हर हे काय उत्तर आहे?

पुढची गंमत ऐका. गणपती जवळ आले तसा त्याच अध्यक्षांचा मला फोन आला. यंदा पर्यावरण हा विषय आहे, मुलांची स्पर्धा ठेवू, घरातल्या टाकाऊ वस्तूंमधून प्राणी. "आपला हातखंडाच आहे. हत्ती, मोर, वाघ, असं काहीतरी. बाहेरून पाहुण्या येणार आहेत, फोटो चांगले यायला हवेत. मुक्या जिवांवर प्रेम करा, असा संदेश जायला हवा." मुक्या जिवांवर प्रेम!  माझा नकार अगदी ओठांवर होता. पण मुलांना सांगितलं तेव्हा ती एकमेकांकडे पाहू लागली आणि ती मुलगी म्हणाली, "हो म्हणा काकू. आम्ही करतो."

त्यानंतरच्या शनिवारी कुणी दंगा केला नाही. मुलं भराभर, ओठ मिटून काम करत होती. मी कोपऱ्यात बसून खळ ढवळत होते आणि माझ्यासमोर एकेक प्राणी उभा राहत होता. कुणाच्या बुटांच्या खोक्याचं पोट, कुणाच्या चहाच्या पुड्याचं तोंड, कुणी नारळाची शेंडी विंचरून शेपूट केलेली. त्या मुलीनं तर आपल्या जुन्या तपकिरी स्वेटरची बाही उसवून अख्खं अंग मढवलं होतं. मग एकेकानं कात्री घेतली आणि डाव्या कानाचं टोक कापलं. मी खळ ढवळत राहिले.

स्पर्धेच्या संध्याकाळी टेबलांवरची झाकणं निघाली. लहान, मोठ्या, लंगड्या, जाड्या, सगळ्याच्या सगळ्या तपकिरी कुत्र्या. डाव्या कानाचं टोक नसलेल्या. ओळीनं बसून समोर पाहणाऱ्या.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "हे काय? मोर कुठाय? सगळ्यांनी कुत्रीच का केली?"

पाहुण्या बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्या कौतुकानं वाकल्या आणि त्या मुलीसमोर माईक धरून म्हणाल्या, "अगं, किती गोड! कोण आहे ही?"

माणसांशी न बोलणारी ती मुलगी माईकमध्ये बोलली. सावकाश, अगदी स्पष्ट. "ही इथं राहायची. तिले पोत्यात भरून नेलं. ती कुणाले चावत नव्हती. आम्ही शाळेतून आलो की ती फाटकापर्यंत यायची. आता येत नाही." मग माईककडे पाहून म्हणाली, "तिले परत आणा."

कुणीतरी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. अध्यक्षांनी माईक घेतला. "लहान मुलांची कल्पनाशक्ती पाहा!" म्हणाले आणि हसले. मग त्यांची नजर शेवटच्या टेबलावर गेली. तिथं त्यांची नात उभी होती. तिची कुत्री त्यांच्या नव्या गाडीच्या पॉलिशच्या डब्यांची होती. ती आजोबांकडे पाहत होती आणि हसत नव्हती.

गोष्ट इथंच चांगली संपली असती, नाही? अध्यक्षांना पश्चात्ताप झाला, टेम्पो पुन्हा गेला, कुत्री परत आली. तसलं काही झालं नाही. ते पुढेही अध्यक्ष राहिले, बिनविरोध. कुत्री आली नाही. मुलांनी आपापल्या कुत्र्या दारांबाहेर ठेवल्या, तर दोनच दिवसांत 'सामाईक जागेत वस्तू ठेवू नयेत' असा संदेश आला, पुन्हा हात जोडून. मुलांनी त्या घरात घेतल्या. पुढे कुणाच्या ओल धरून बसल्या, कुणाच्या घर रंगवताना गेल्या. त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली. निघताना तिनं माझ्या गळ्यात हात घातले आणि गाडीत बसली.

ती आता कॉलेजात आहे. अधूनमधून तिचा फोन येतो. तिची बोली तिनं सोडलेली नाही, याचा मला आनंद आहे. मागे एकदा बोलता बोलता म्हणाली, "काकू, मले अजून राग येते हो." मी म्हटलं, येऊ दे. लोक म्हणतात, काळ सगळं बोथट करतो. मला तो काळाचा मोठेपणा वाटत नाही. काही गोष्टी बोथट व्हायला नकोत. कुणाला तरी त्या धारदार आठवल्या पाहिजेत, नाहीतर कुणाचं काही गेलंच नाही असं होऊन बसतं.

मी अजून तिथंच राहते. संध्याकाळी गाड्या एकामागून एक आत येतात, दारं लागतात, कुणी कुणाच्या स्वागताला धावत नाही. पार्किंगची फरशी चकचकीत असते. नव्यानं राहायला आलेली मंडळी लिफ्टमध्ये भेटली की कौतुकानं म्हणतात, "किती शांत सोसायटी आहे हो तुमची!"

मी हो म्हणत नाही. माझा मजला आला की उतरते.